काकी, त्या पेडव्यांचे पैसे राहिलेत

काकी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवील, कारण तुमचा चष्मा कुठे असतो ते तुम्हालाही ठाऊक नसतं. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप ऱ्हव गो" म्हणत माशांची टोपली उचलता आणि पुढच्या घराच्या पायरीवर पोचता. म्हणून लिहून काढतेय, तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

२०२३ ची दिवाळी. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही कुडाळला पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला गेलो होतो. डॉक्टर बोलता बोलता थांबले. पोटावरचं ते यंत्र एकाच जागी फिरत राहिलं. मग म्हणाले, "वरच्या ओठाला डावीकडे फट दिसतेय. टाळूचं यात नीट दिसत नाही, ते बाळ झाल्यावरच पक्कं कळेल." बाहेर नंबर लावून बायका बसल्या होत्या. रिपोर्ट हातात आला, 'तुमच्या डॉक्टरांना दाखवा' एवढं ऐकलं आणि आम्ही खाली रस्त्यावर. नवऱ्याने गाडी चालू केली, पण निघालाच नाही. बराच वेळ ती नुसती धडधडत उभी. घरी आलो तर चकलीची भाजणी मळून तयार होती. मी हातपाय धुतले आणि सोऱ्या घेऊन बसले. दुसरं काय करणार होते?

रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या मनाने वाईट नाहीत, तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता. पण त्यांच्या तोंडून पहिलं निघालं ते ग्रहण. दहा-बारा दिवसांपूर्वीच कोजागरी झाली होती, २८ ऑक्टोबरला, आणि त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. ग्रहण लागलं मध्यरात्रीनंतर एक वाजून गेल्यावर, पण वेध दुपारपासूनचे. आणि मी संध्याकाळी मसाला दुधात घालायला बदाम-पिस्ते चिरले होते. "तरी मी सांगी होतंय," एवढंच म्हणून त्या देवापुढे जाऊन बसल्या.

मी घाटावरची. माझ्या माहेरी साताऱ्याकडेही हेच सांगतात, की ग्रहणात गरोदर बाईने चिरलं की पोराचा ओठ चिरतो. मी बी.एस्सी. झालेय, पतसंस्थेत लोकांच्या व्याजाचा पैन् पैचा हिशेब करते, असल्या गोष्टींना हसते. पण त्या रात्री अंथरुणात पडून मी बदाम मोजत होते. किती चिरले असतील? बारा? पंधरा?

त्यानंतर मी पायरीवर यायचं सोडलं. तुम्ही हाक दिलीत की सासूबाई बाहेर जायच्या. भाऊबीज झाल्यावर एक दिवस तुम्ही हाकच दिली नाहीत. टोपली पडवीत ठेवलीत, चुंबळ सोडलीत आणि सरळ माजघरात आलात. वाडीत बातमी कुठून कशी फिरते ते मी आता विचारत नाही. मी कॉटवर भिंतीकडे तोंड करून होते. तुमच्या हाताला माशाचा वास होता, तोच हात तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "रडा नको गो बाय. माझ्या झिलाचो ओठ पण असोच होतो. आज तो बंदरावर लिलाव पुकारता."

पाच वर्षं मी तुमच्याकडून मासे घेत होते, आणि मला हे माहीत नव्हतं.

मग सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही तुमचं ग्रहण सांगितलंत. १९९५ च्या दिवाळीतलं सूर्यग्रहण. तुम्हाला दिवस गेलेले, तुमच्या जाऊबाईंनाही. तुमच्या सासूने तुम्हाला सकाळपासून काळोखात बसवलं, कूससुद्धा बदलू दिली नाही. जाऊबाई तिकडे वेगळ्या राहायच्या, त्या अंगणात बसून बांगडे कापत होत्या. "तिच्या चेडवाक काय झाला? काय नाय. आणि मी गप बसान होतंय, तर माझ्या झिलाक ह्या झाला. आता सांग, गिराणाक डोळे आसत काय?"

सासूबाई स्वयंपाकघरातून काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने दोन कप चहा मात्र आला.

पुढच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत. ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो, टाळू फार तर बाराव्यापर्यंत. कधी ते जुळणं राहून जातं. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचं असं होतं. काही घरांत ते रक्तातून येतं, काही औषधांनी किंवा सिगारेटच्या धुराने धोका वाढतो, पण बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवता येत नाही. घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि हिशेबाला बसले. ओठाचा काळ येत होता श्रावणात, नागपंचमीच्या आसपास. टाळूचा गणपती पोचवेपर्यंत. कोजागरीला माझे बदाम चिरले जायच्या कितीतरी आधी जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. (नागपंचमीलाही चिरायचं-कापायचं नसतं, हे सासूबाईंच्या लक्षात आलं नाही ते बरं. मीही बोलले नाही.)

पण खरं सांगू का, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पटलं ते तुमच्या जाऊबाईंचे बांगडे आधी ऐकले होते म्हणून.

त्यांनी बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफीही करायला लावली. ओठाबरोबर कधी दुसरं काही असतं, ते बघायला. ती नीट निघाली. तरी एका नातेवाइकाने फोनवर सुचवलंच, "अजून वेळ आहे, विचार करा." कसला विचार ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याच रविवारी तुम्ही मुलाला घेऊन आलात.

त्याच्या ओठाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि चहा देताना दुसरीकडे कुठे बघतच नव्हते. त्याच्या ते ध्यानात आलं. बशी खाली ठेवून त्याने बोटाने मिशी वर केली. "बगा वयनी, नीट बगा." नाकपुडीपासून ओठापर्यंत एक पांढरट रेघ, नाक त्या बाजूला किंचित बसकं. बस, एवढंच. बोलणं मात्र गेंगाणं. तो गेल्यावर तुम्ही त्याचं कारण सांगितलंत. त्याचा ओठ शिवला दोन वर्षांचा झाल्यावर, टाळू तर पाचव्या वर्षी, तेही तुमच्या पाटल्या मोडून, मुंबईला नेऊन. तोवर पोर उघड्या टाळूनेच बोलायला शिकलं होतं. नंतर टाळू मिटली, पण जिभेची सवय गेली नाही. "तुझ्या बाळाची टाळू बेगीन शिवून घे. माझ्यासारो उशीर करू नको," म्हणताना तुमचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. मी तेव्हा काही बोलले नाही, आज बोलते. काकी, तुमचा उशीर नव्हता. तेव्हा फुकट ऑपरेशन कुठे होतं, आणि सांगायला तरी कोण होतं? मला सांगायला तुम्ही होतात.

आणि मग ते बोंडलं, बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं, की टाळू उघडी असली तर बाळाला दूध ओढता येत नाही. तोंडात हवा धरली जात नाही, मग ओढणार कशाने? डॉक्टरीणबाईंनी 'दूध पिळून चमच्याने पाजा' सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. तुम्ही स्टीलचं जुनं बोंडलं आणलंत, एका बाजूला चेपलेलं. माझी उशी जुन्या लुगड्यात गुंडाळलीत, माझ्या मांडीवर जवळजवळ बसती ठेवलीत, आणि त्या उशीला पाणी पाजायला मला शिकवलंत. डोकं वर. बोंडल्याची चोच गालाच्या आतल्या बाजूला, फटीकडे नाही. एक घोट, मग थांबायचं. घाई केली की तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारायचात. दर थोड्या वेळाने खांद्यावर घेऊन ढेकर, कारण अशी बाळं दुधाबरोबर वारा फार गिळतात. "नाकातसून दूध येतला. घाबरा नको. शिंकतला नि परत पितला."

महिनाभर आमच्या पडवीत ओल्या उशा वाळत होत्या. शेजारच्या वहिनींना वाटलं, आमच्या छपराला गळती लागलीय, थंडीत!

२०२४ च्या शिमग्यात ती आली. ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत उघडा, टाळूही मागपर्यंत. मी काय बघणार आहे ते मला चार महिने माहीत होतं, म्हणून मी आधी तिचे डोळे पाहिले. दवाखान्यातल्या सिस्टर चमचा शोधत होत्या, तेव्हा मी पिशवीतून उकळून ठेवलेलं बोंडलं काढलं. पहिल्या चिकाच्या दुधाचे चार थेंब गेले, पाचवा नाकातून बाहेर आला. ती शिंकली. आणि परत प्यायली. सासूबाई म्हणाल्या, "ह्येका कोणी शिकवल्यान?" मी तुमचं नाव सांगितलं.

पुढचे महिने वजनाचे. तुम्ही मासे वाट्यावर विकता, ग्रॅमशी तुमचा कधी संबंध नाही, पण अंगणवाडीच्या काट्यावर आकडा किती आला हे आधी तुम्हाला सांगावं लागायचं. डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास वजन, आणि हिमोग्लोबिन दहा. एवढं झालं की ओठाचं ऑपरेशन. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिची नोंद केली, आणि जुलैत कोल्हापूरची तारीख मिळाली. खर्च आम्हाला पडला तो येण्याजाण्याचा.

जुलै म्हणजे मासेमारी बंदीचा महिना, ३१ तारखेपर्यंत बोटी किनाऱ्यावर. तुम्ही म्हणालात, "माका काय काम आसा? मी येतंय." फोंडा घाटात पाऊस असा, की ड्रायव्हरला पुढचं दिसेना. ऑपरेशनच्या सकाळी तिला उपाशी ठेवायचं होतं. ती भुकेने किंचाळत होती आणि माझ्या अंगाला दुधाचा वास, मग मला लांब पाठवून तुम्ही तिला घेऊन त्या बोळातून येरझाऱ्या घातल्यात. दाराशी बसलेल्या रखवालदाराला तोवर तुम्ही तारल्यांची कढी कशी करायची ते शिकवलं होतं, असं तो मला नंतर म्हणाला.

तिला बाहेर आणलं तेव्हा मला ती ओळखूच येईना. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चार महिने ती त्या फटीसकट हसत होती, कानापर्यंत पसरलेलं हसू. ते गेलं. सुंदर शिवलेला ओठ समोर होता आणि मला जुन्या ओठासाठी रडू येत होतं. लोकांना वाटलं आनंदाश्रू. तुम्ही तेवढं म्हणालात, "माका पण तसाच झाला होता," आणि तिच्या कोपरांना बांधलेले पुठ्ठे नीट करत बसलात, टाक्यांना हात लागू नये म्हणून घातलेले.

टाळूचं ऑपरेशन पुढच्या फेब्रुवारीत झालं, ती अकरा महिन्यांची असताना. बेगीन. कानात पाणी साठतं म्हणून मध्येमध्ये तिचे कान तपासायला नेतो, आणि बोलणं शिकवणाऱ्या ताई पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉलवर येतात. आधी तिचा सगळा वारा नाकातून जायचा, त्यामुळे 'बाबा'चं व्हायचं 'मामा'. नवऱ्याने ते फार दिवस सोसलं. 'काकी' तर तिला यायचंच नाही. 'क' टाळूच्या मागच्या बाजूला अडतो, तिचा घशातच अडकायचा, आणि बाहेर पडायचं 'आ-ई'. तुमच्याकडे बघून. तुम्ही तेव्हा पदराने तोंड पुसत "काय उकाडो" म्हणायचात. डिसेंबरात.

ताईंनी प-ब-त-कचे शब्द रोज घोकायला दिले, तर तुम्ही टोपलीच पुढे केलीत. बांगडा, पेडवे, तारली, कर्ली. नाव नीट म्हटल्याशिवाय फडकं वर करायचं नाही असा तुमचा नियम. पहिले कित्येक दिवस 'मांगडा' आणि 'मेडवे' ऐकून सगळी वाडी हसली, तीही हसली.

गेल्या मंगळवारी ती म्हणाली 'पेडवे'. 'प' असा फुटला, की तुमच्या हातातलं फडकं खाली पडलं. तुम्ही दोन वाटे तिच्या पुढ्यात ओतलेत, आणि मी पैसे आणायला आत गेले तेवढ्यात पसार झालात. ते दोनशे रुपये मी देवाजवळच्या डबीत ठेवलेत. उद्या याल तेव्हा गुपचूप घ्या, नाहीतर मी ते तुमच्या टोपलीत बर्फाखाली घालीन आणि भिजले तर बोलायचं नाही.

तुमची,
घाटावरची बाय