मळा पोरांना, ठेव शाळेला

अमळनेर

प्रिय नाना,

काय चालनं, भो? पत्र पोचलं. रावेरचा केळीचा मळा तुझ्यामागे शाळेला द्यायचा म्हणतोस. मन मोठं आहे तुझं, पण सही करण्याआधी माझं ऐक. मळा वडिलोपार्जित, म्हणजे त्यात तुझा हिस्सा असेल तेवढाच तुला मृत्युपत्राने देता येईल. शिवाय कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. गुजरातच्या एका खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शेतजमीन मृत्युपत्रानेही बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. तिथला कायदा मूळचा आपलाच, जुन्या मुंबई राज्यातला. तेव्हा मळा पोरांना राहू दे, बँकेतली ठेव शाळेला लिही.

माझं म्हणशील तर आबांचे विप्रोचे शेअर. 1945 मध्ये कंपनी इथेच निघाली, त्यामुळे गावात कित्येक घरांच्या पेट्यांत ते कागद होते. अमुक इतके शेअर वाचनालयाला, असं मी वकीलबाईंना सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, "काका, आकडा नको, हिस्सा लिहा." डिसेंबर 2024 मध्ये एकास एक बोनस आला, शेअर दुप्पट झाले आणि भाव निम्म्यावर आला, तेव्हा बाईंचं म्हणणं पटलं. दहावा हिस्सा लिहिलाय.

सौ.चा पहिला प्रश्न, "आधी मी, मग वाचनालय ना?" रास्तच आहे. ती आहे तोवर लाभांश तिचा. थोरला फोनवर जरा वेळ गप्पच झाला, मग म्हणाला, "पप्पा, आत्ताच सांगितलंत ते बरं केलंत." तू पण पोरांना समोर बसवून सांग. तेराव्याला पाकीट फोडायची हौस मला कधीच कळली नाही. त्यातून दानापेक्षा दावेच जास्त निघतात.

आणि नॉमिनी लावला की झालं, हे डोक्यातून काढ. नॉमिनी नुसता सांभाळणारा. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलंय. साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नको, म्हणजे हेडमास्तर नकोत! नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाक. स्टॅम्प ड्यूटी लागत नाही.

शाळेचं नाव मात्र फाटकावरची पाटी बघून लिहू नको. शाळा चालवते ती संस्था. धर्मादाय आयुक्तांकडे तिचं जे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे, तेच मृत्युपत्रात हवं. क्लार्ककडून दाखल्याची झेरॉक्स घे आणि कच्च्या मसुद्यासोबत मला पाठव. वकीलबाईंना दाखवतो.

तुझा,
अण्णा