सहकार मंत्र्यांना खुले पत्र : अंतर्गत लेखापरीक्षकाचा अहवाल व्यवस्थापकाच्या टेबलावर अडतो

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी पतसंस्थांचं अंतर्गत लेखापरीक्षण करतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. म्हणून हे पत्र.

वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीचा, लेखापरीक्षक वर्ष संपल्यावर येतो. तोवर मार्चअखेरीस थकीत कर्जांचं 'नवं-जुनं' (नवं कर्ज देऊन जुनं फिटल्याचं दाखवणं) उरकलेलं असतं आणि संस्था लेखापरीक्षणातला 'अ' वर्ग मिरवते. आम्ही मात्र वर्ष चालू असताना जातो. चूक लहान असतानाच सापडते ती तेव्हा.

एका पतसंस्थेत मी पिग्मीची, म्हणजे एजंट रोज गोळा करतो त्या छोट्या ठेवींची, पासबुकं तपासायला थेट भाजी मंडईत गेलो. पहिल्याच सकाळी तीन पासबुकांतली शिल्लक संस्थेच्या खतावणीशी जुळेना. एजंट रोज पैसे नेत होता, भरणा मात्र कमी करत होता. मी तसं लिहून दिलं. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, एवढं लिहू नका, आपसात मिटवू." अहवाल संचालक मंडळापुढे गेलाच नाही आणि पुढच्या तिमाहीला माझी नेमणूक झाली नाही. त्या तीन खातेदारांतल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी ते पैसे साठवले होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

दुसऱ्या एका संस्थेत अध्यक्षांनी मला थेट मंडळाच्या सभेत बसवलं. त्याच सभेत ठरलं की पिग्मीचा प्रत्येक भरणा खातेदाराला एसएमएसने कळवायचा, एजंटांच्या गल्ल्या आलटून-पालटून द्यायच्या आणि सोनेतारणाची पाकिटं दर तिमाहीला दोघांसमोर पुन्हा तोलायची. खर्च फारसा आला नाही. दोन संस्थांत फरक एवढाच, की एकीत अहवाल योग्य माणसांनी वाचला.

साहेब, ज्याचं काम तपासायचं त्याच्याच हातात नेमणूक आणि मानधन असेल, तर तपासणी कशी होणार? अंतर्गत लेखापरीक्षकाची नेमणूक संचालक मंडळाने करावी, त्याचा अहवाल थेट मंडळापुढे यावा आणि मुदतीआधी त्याला काढलं तर कारण सहकारी संस्थांच्या निबंधकांना लेखी कळवावं, असं परिपत्रक काढा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे वैधानिक लेखापरीक्षणातल्या दोषांची दुरुस्ती तीन महिन्यांत 'ओ' नमुन्यात कळवावी लागते. कित्येक ठिकाणी तिथे नुसतं 'पूर्तता केली' असं लिहिलं जातं. पूर्तता झाली की नाही, हे अंतर्गत लेखापरीक्षकाने जागेवर पाहून सही करावी आणि तो कागद वार्षिक सभेत सभासदांना वाचून दाखवावा.

३० सप्टेंबरपर्यंत सभा होतील. परिपत्रक त्याआधी निघालं, तर यंदाच हा कागद सभासदांच्या कानावर पडेल.

आपला,
एक अंतर्गत लेखापरीक्षक