प्रतिज्ञापत्र तपासतं कोण?

संपादक साहेब,
निवडणुकीचा फॉर्म भरताना उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची प्रॉपर्टी, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रात जाहीर करावं लागतं, २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे हे सुरू झालं आणि २०१८ ला कोर्टाने उत्पन्नाचा सोर्सही सांगा म्हटलं, फार चांगलं झालं. पण ते तपासतं कोण? खोटं लिहिलं तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ए खाली जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही, बस! आणि कमावता मुलगा 'अवलंबून' नाही म्हटलं की त्याच्या नावावरची जमीन दिसतच नाही, माझ्या मते सगळ्यात मोठी पळवाट हीच. निवडून आलेल्यांचं प्रतिज्ञापत्र इन्कम टॅक्स रिटर्नशी जुळवून रिपोर्ट लोकांसमोर ठेवलाच पाहिजे.
– एक मतदार