सुरक्षा अहवाल शाखेतल्या कर्मचाऱ्याला उमजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव जिल्ह्यातील एका सहकारी बँकेचा संगणक विभाग मी सांभाळतो. ओटीपी, बनावट फोन, खोट्या लिंक यांपासून ग्राहकांनी सावध कसे राहावे, हे वर्तमानपत्रांतून वारंवार छापून येते आणि ते आवश्यकच आहे. परंतु बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेतील सुरक्षा त्रुटी शोधून त्या बुजवण्याचे काम कसे चालते, याची चर्चा क्वचितच होते. या कामासाठी आम्ही वापरत असलेल्या व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे काही बदल झाले. वरवर पाहता ते केवळ पडद्याच्या मांडणीतले आहेत, पण आमच्यासारख्या लहान बँकांसाठी ते फार मोलाचे आहेत, म्हणून हे पत्र.

हे सॉफ्टवेअर प्रत्येक संगणक, सर्व्हर आणि राउटर तपासून त्यावर कोणत्या आवृत्तीचे काय बसवले आहे ते पाहते आणि जगभर नोंदवल्या गेलेल्या त्रुटींशी ते ताडून बघते. या त्रुटींना १९९९ पासून सीव्हीई क्रमांक दिले जातात आणि एकट्या २०२४ मध्ये अशा ४० हजारांहून अधिक नोंदी झाल्या. पूर्वी आमच्या हाती पडणारा अहवाल म्हणजे याच क्रमांकांचे भेंडोळे असे. एका जुन्या ब्राउझरमुळे निघालेल्या त्रुटी प्रत्येक संगणकागणिक पुन्हा पुन्हा छापलेल्या असत, त्यामुळे मूळ दुखणे एकच असूनही पाने मात्र शेकड्यांनी भरत. यावल तालुक्यातील शाखेत असा अहवाल पाठवला, तेव्हा तिथल्या सहकाऱ्याने फोन करून विचारले, “भाऊ, यातलं मी नेमकं करू काय?” त्याला उत्तर देण्यासाठी मला अख्खी दुपार घालवावी लागली, कारण ते उत्तर अहवालात कुठेच लिहिलेले नव्हते.

आता त्याच नोंदी उपायानुसार एकत्र येतात. कोणता अपडेट बसवायचा, तो कोणत्या संगणकांवर बसवायचा आणि त्याने किती नोंदी मिटतील, हे एकाच ओळीत दिसते. पुढच्या खेपेला त्या सहकाऱ्याने फोन न करताच संध्याकाळपर्यंत काम संपवले.

प्राधान्यक्रमाची सुधारणा मला याहूनही महत्त्वाची वाटते. त्रुटीच्या तीव्रतेला शून्य ते १० गुण देण्याची सीव्हीएसएस पद्धत जुनी आहे. पण केवळ त्या गुणांवर यादी लावल्याने, कोठीच्या खोलीतला, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेला संगणक पहिल्या पानावर आणि थेट इंटरनेटला जोडलेला राउटर बाराव्या पानावर, असा प्रकार आमच्याकडे घडला आहे. अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२१ पासून, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची स्वतंत्र यादी ठेवली आहे, तसेच पुढील ३० दिवसांत एखादी त्रुटी वापरली जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज ईपीएसएस पद्धतीने मिळतो. ही दोन्ही माहिती आता गुणांच्या शेजारीच दिसते आणि यंत्र इंटरनेटला उघडे आहे की नाही, हेही त्याच ओळीत कळते.

वेळेचा प्रश्न मात्र केवळ यादीने सुटत नाही. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आम्हाला शाखेतील यंत्रे निर्धास्तपणे बंद करता येतात ती दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. मार्चअखेरीस, किंवा खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी शेतकरी सकाळपासून रांगेत उभे असताना, सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचे धाडस कोणी करू नये. नव्या आवृत्तीत काम कोणत्या तारखेला होणार, विलंब का आणि त्याला मंजुरी कोणाची, हे नोंदवता येते. मुदत उलटली की ती नोंद आपोआप पुन्हा लाल होते. पूर्वी हे सारे वहीत लिहिले जाई आणि वही कपाटात राहत असे. संगणकातील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हल्ला १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला, तेव्हा तो रोखणारा अपडेट सुमारे दोन महिने आधी, १४ मार्चलाच उपलब्ध झाला होता. उपाय माहीत असूनही तो यंत्रापर्यंत पोहोचला नाही, तर काय होते, हे तेव्हा साऱ्यांनी पाहिले.

दोन उणिवा अजून कायम आहेत. उपायाच्या सूचना इंग्रजीतच येतात, त्या मराठीत यायला हव्यात. आणि तालुक्याच्या ठिकाणी नेट मंद असले की नवा पडदा उघडायला फार वेळ घेतो. बँका आणि पतसंस्थांच्या संचालक मंडळांना माझी विनंती आहे की, असे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी विक्रेत्याचे सादरीकरण मुख्य कार्यालयात पाहून समाधान मानू नये. शाखेतील एका कर्मचाऱ्याला, शाखेतल्याच संगणकावर, अर्धा तास त्यासमोर बसवावे आणि आज पहिले काम कोणते, हे त्याला कोणालाही न विचारता सांगता येते का, ते पाहावे.

आपला,
सहकारी बँकेतील एक कर्मचारी,
अमळनेर, जि. जळगाव