ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

बाबांना पेसमेकर बसवला, त्या डॉक्टरांचे आभार आम्ही तिथल्या तिथे मानले. तुमचे राहिले, आणि घरी आल्यावर पदोपदी आठवलात त्या तुम्ही.

डिस्चार्जच्या कागदावर ‘जखम कोरडी ठेवा’ एवढंच होतं. कोरडी म्हणजे कशी, ते तुम्ही सांगितलंत. जखम मिटेपर्यंत अंघोळ छातीच्या खालूनच, वरचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं. पट्टी भिजलीच तर तशीच वाळू द्यायची नाही, बदलून घ्यायची. मलम, तेल, पावडर यातलं मनाने काही लावायचं नाही आणि खपली काढायची नाही. “भरायचं काम शरीर करतंय, तुम्ही मध्ये पडू नका,” हे तुमचं वाक्य आई अजून सगळ्यांना ऐकवते.

खरी घाबरगुंडी उडाली ती कॉलरबोनखाली जांभळा डाग पसरला तेव्हा. फोनवर तुम्ही शांतपणे विचारलंत: ताप आहे का? फुगवटा वाढतोय का, कडक लागतोय का? लाली पसरतेय का, पू येतोय का? सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यावर सांगितलंत, की रक्त पातळ करणारी गोळी चालू असली की डाग जास्त पसरतो, खाली उतरतो, मग हिरवट-पिवळा होऊन जातो. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कुणीतरी सुईने रक्त काढून टाकायला सुचवलंय म्हटल्यावर मात्र तुमचा आवाज चढला. सुईबरोबर जंतू आत गेले आणि यंत्रापाशी संसर्ग झाला, तर नुसत्या अँटिबायोटिकने सहसा भागत नाही, बहुतेकदा यंत्रापासून हृदयात गेलेल्या तारांसकट सगळं काढावं लागतं. त्या चढलेल्या आवाजाबद्दल वेगळे आभार.

हाताचंही तसंच. तार आत पक्की बसेपर्यंत काही आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, हे ऐकून बाबांनी हात छातीशीच धरून ठेवला होता. (सूचना जरा जास्तच पाळायची त्यांची सवय जुनी.) खांदा आखडेल म्हणून तुम्ही त्यांना दटावून खालच्या खाली हात हलवायला लावलात.

आता तिथे बारीक रेघ उरलीय. पुढच्या महिन्यात पेसमेकरच्या तपासणीला येतोय. तुमची ड्युटी असेल तर खाली येऊन भेटू; बाबांना स्वतः बोलायचंय, शिवाय खांद्याबद्दल त्यांचा एक प्रश्न तयार आहेच.

तुमच्या पेशंटचा मुलगा