‘बरं आहे’ नको, आकडा सांगा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. वजनं उचलणं, म्हणजे माझं पॉवरलिफ्टिंग, मी सोडलेलं नाही. कंबर अजून अधूनमधून दुखते. फोनवर हे बोलायला गेलं की बाबांचा आवाज चढतो, आई “जाऊ दे हो, तिचं तिला कळतं” म्हणत फोन काढून घेते आणि विषय तिथेच लोंबकळत राहतो. म्हणून लिहायला बसले.

बाबा, माझा एमआरआयचा रिपोर्ट तुम्ही शब्द न् शब्द वाचलात आणि निकाल देऊन मोकळे झालात: मणक्यात गॅप आहे, डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) सुकलीये, वर बाहेरही आलीये, आणि ही बाई लोखंड उचलत बसलीये. तुमचा दोष नाही, त्या रिपोर्टांची भाषा वाचून कुणाचंही धाबं दणाणेल. पण त्या कागदावर एक गोष्ट छापलेली नसते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. त्यात विशीतल्याच ३७ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या निघाल्या आणि ऐंशीच्या घरात तब्बल ९६ टक्के लोकांच्या. डिस्कचा फुगवटा तर चाळिशीतल्या निम्म्या लोकांना होता. म्हणजे माझ्या वयाची दोन धडधाकट माणसं मशीनमध्ये घातली, तर एकाच्या रिपोर्टात माझ्यासारखाच फुगवटा निघायचा. म्हणून माझी कंबर खोटंच दुखते असं नाही हं. फक्त नुसता फोटो बघून पुढचं काही ठरवता येत नाही.

ठरतं ते तपासून. डॉक्टरांनी मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाचा अंगठा दाबून धरून वर उचलायला लावला, आडवं झोपवून एकेक पाय सरळ वर नेला, कुठे बधिर आहे का ते बघितलं. सगळं ठीक निघालं. आणि काही लक्षणं पाठच करून घेतली: पायातली शक्ती कमी होत जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा येणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. दुखण्यासोबत ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, हेही अंगावर काढायचं नाही. आई, तुझा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत धरतो, म्हणून ही यादी तुलाही लागू आहे. लाजून गप्प बसू नकोस.

आता तुम्हाला वाटतं मी रोज दातओठ खाऊन झुंजत असते. एकदा बघायला या, कंटाळाल. निम्मा वेळ बसून जातो. सुरुवात रिकाम्या बारने, म्हणजे वजनं अडकवायच्या लोखंडी दांड्याने, तो एकटाच २० किलोचा. मग थोडी वजनं, मग विश्रांती, परत थोडी वजनं. सकाळी उठल्या उठल्या मी जड काही करत नाही. रात्रभर आडवं राहून डिस्क पाणी शोषून टच्च होतात (सकाळी आपली उंची जरा जास्त भरते ती त्यामुळेच), आणि तशात वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणून माझा सराव संध्याकाळी.

डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहणं) म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर पाण्याची बादली हिसका देऊन उचलणारी मी येते. तसं नसतं गं. बार नडगीला जवळजवळ टेकलेला असतो. कुल्ले मागे ढकलायचे, गुडघे हवे तेवढेच वाकवायचे आणि कणा मधेच वाकू द्यायचा नाही. बार धरून आधी हळूच ताणून घ्यायचा, इतका की प्लेटच्या, म्हणजे वजनाच्या चकतीच्या, भोकात तो टेकतो आणि बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. तो आवाज येईपर्यंत वजन उचलायचंच नाही. मग श्वास. छातीत नाही, खाली पोटात. पोट, दोन्ही कुशी, कंबरेची मागची बाजू, सगळं बाहेरच्या दिशेने बेल्टवर दाबायचं. लोकांना वाटतं तो जाड बेल्ट पाठीला धरून ठेवतो. खरं तर त्यामुळे पोटाला दाबायला काहीतरी मिळतं, आणि आतला तो दाब मणक्याला आधार देतो. मग पायांनी जमीन खाली लोटायची. एवढं सगळं जुळलं की कंबर कुरकुरत नाही. कुरकुरते ती मोबाईल उचलायला वेडीवाकडी वळते तेव्हा.

दुखणं वाढलं होतं तेव्हा कोचने डेडलिफ्ट बंद केली नाही. प्लेटांखाली ठोकळे ठेवून बार उंचावर घेतला, म्हणजे कमी वाकावं लागतं, आणि वजन बरंच उतरवलं. मग हळूहळू ठोकळे कमी केले. पूर्ण झोपून राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्ही अजूनही म्हणता. पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे. पण साध्या कंबरदुखीत अंथरूण धरल्याने फायदा होत नाही, उलट माणूस जखडतो, हे कळून आता बराच काळ झाला.

दर सेट (सलग उचलण्याची एक फेरी) संपला की कोच एकच शब्द विचारतो, “किती?” म्हणजे दहापैकी किती जड गेलं. दहा म्हणजे आणखी एकही रेप, म्हणजे एकदाही उचलणं, निघाला नसता. आठ म्हणजे दोन शिल्लक होते. माझे बहुतेक दिवस सात-आठवर थांबतात. दुखण्याचा आकडा वेगळा, तो फिजिओने लावून दिलाय: तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मूळपदावर आलं पाहिजे. त्याच्या वर गेलं की वजन कमी, तरी ऐकलं नाही तर तो प्रकार त्या दिवसापुरता बंद. “बरं आहे” हे उत्तर तिथे चालत नाही. यावर पुढे येतेच.

स्पर्धेचं म्हणाल तर हो, नाव दिलंय. स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट, प्रत्येकाच्या तीन संधी, आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. समोर तीन पंच. दोघांनी पांढरा दिवा दिला तरच लिफ्ट धरतात. स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेलाच पाहिजे. बेंचवर बार छातीवर स्थिर झाल्यावर पंच “प्रेस” म्हणेपर्यंत हलायचं नाही. शिस्तीच्या बाबतीत बाबांना आवडेल असा खेळ आहे. चाळिशीपासून पुढे मास्टर्सचे वयोगट असतात, दहा-दहा वर्षांचे, आणि सत्तरीपुढच्यांचाही गट आहे. आई, “कुणाला हरवायचंय तुला या वयात?” असं तू विचारलंस. कुणालाच नाही. पहिली संधी तर इतकी हलकी लावणार आहे की कोचलाही कंटाळा येईल.

बाबा, तुम्हाला विक्रमांचं वेड आहे म्हणून सांगते. लमार गँट नावाचा अमेरिकन लिफ्टर होता, पाठीचा कणा बाजूला वळलेला, म्हणजे स्कोलिओसिस. १९८५ साली त्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट मारली, जगात पहिल्यांदा. हे मी माझ्या समर्थनार्थ देत नाहीये. असा माणूस लाखात एक, त्याच्यावरून आपण काही ठरवू नये. पण “ज्याचा कणा बिघडला त्याने जन्मभर जपून चालायचं” हे तुमचं वाक्य इतकंही पक्कं नाही.

आणि खरं सांगू? कंबर सगळ्यात वाईट दुखली ती बाबांना स्टेंट बसवला तेव्हा. त्या काळात मी बारला हातही लावला नव्हता. रात्र रात्र त्या टणक खुर्च्यांवर बसणं, कॉफीवर दिवस काढणं, आणि डोक्यात एकच. झोप मोडली आणि मनाला घोर लागला की तेवढंच दुखणं जास्त जाणवतं, हे मी वाचलेलं होतं, तेव्हा अंगाने कळलं. तुम्ही घरी आलात, मी झोपायला लागले, परत रिकाम्या बारने सुरुवात केली आणि कंबर निवळत गेली. त्यामुळे ‘वजनं सोड म्हणजे कंबर राहील’ हे गणित माझ्या बाबतीत तरी जुळत नाही. माझ्या कंबरेची तुम्हाला एवढी काळजी असेल तर एक वेगळंच औषध तुमच्या हातात आहे.

ते औषध म्हणजे मला खरं सांगणं. बाबांना आधी कित्येक दिवस जिना चढताना छातीत भरून येत होतं, हे मला कधी कळलं? डॉक्टर माहिती विचारत होते तेव्हा, शेजारी उभं राहून. आई न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं, ते प्लॅस्टर घातल्यावर सांगितलंत, “तुला उगाच घोर नको” म्हणून. घोर लागायचा तो लागतोच, फक्त कशाचा ते माहीत नसतं. मग मी प्रत्येक मिस्ड कॉलला दचकते. रागावून लिहितेय असं समजू नका. बरं, थोडं रागावूनच लिहितेय.

आई, उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं ही हाडांनी दिलेली सूचना असते. म्हणून तुझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्यायची आहे. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो, तो उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं म्हणतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली छापून आला. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास देखरेखीखाली चक्क जड डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर ढकलायचं वजन केलं. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. जड गटात इजा म्हणावी अशी एकच नोंद, कंबरेला आलेली साधी उसण. तू उद्या बार उचल असं मी म्हणत नाही. ते शिकवणारं माणूस समोर हवं, आधी तपासणी हवी, आणि हाडं फार ठिसूळ असतील तर पुढे वाकायचे व्यायाम टाळावे लागतात. पण “आता मी हलकंच उचलायचं, शक्यतो काही उचलायचंच नाही” हे तू मनाशी धरलंयस ना, ते हाडांच्या भल्याचं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं एवढ्यापासून सुरू करू. स्क्वॉटच आहे तो.

बाबा, तुम्हाला वेगळा नियम. श्वास रोखून जोर लावायचा नाही, मी करते ते बघून तर मुळीच नाही. १९८५ साली काही बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून वजन उचलताना रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० भरला. तरुण निरोगी माणूस काही सेकंद ते सोसतो. तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, हलक्या वजनाने, जोर लावताना श्वास सोडत करायचं. आणि “आता या वयात ताकद कुठून येणार” हे वाक्य बंद. १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या माणसांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला, तर त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्ही तर अजून लहान आहात.

तर माझी अट अशी. रविवारी फोनवर मी कोचसारखं “किती?” विचारणार. आईने पायाच्या कळेचा आकडा सांगायचा, बाबांनी जिना चढल्यावर लागणाऱ्या धापेचा, शून्य ते दहा. बीपीची वही समोर घेऊन सकाळ-संध्याकाळचे आकडे वाचायचे, फक्त चांगले आलेले नाही, सगळे. माझ्या कंबरेचा आकडा मीही सांगेन. तीन असेल तर तीन, सहा असेल तर सहा. सहा ऐकून “सोड ते सगळं” म्हणायचं नाही, तसंच तुमचा सात ऐकून मी रडायचं नाही. बाबा, छातीत भरून आलं, हात किंवा जबडा दुखायला लागला, घाम फुटला, तर मात्र रविवारची वाट बघायची नाही. मलाही आधी नाही, आधी अँब्युलन्स.

स्पर्धेला यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आलात तर पहिल्या रांगेत बसू नका. आई डोळे मिटून घेते ते मला बारखालून दिसतं.

तुमची,
लेक

ता. क. आई, डेक्साच्या दिवशी मी सोबत येतेय, तारीख माझ्याशी बोलून घे. जुन्या रिपोर्टांची फाईल कपाटावर असेल तर स्टुलावर चढून काढू नकोस. बाबांनीही नाही. मी आल्यावर काढेन.