पेढे वाटले, मग कळलं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारच्या काकांना मागच्या महिन्यात एका सरकारी ऑफिसातून पत्र आलं, 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे'. काका खूश, डिचोली बाजारातून पेढे आणून वाड्यावर वाटले, कारण निकाल लागला म्हणजे काम झालं असंच कोणालाही वाटणार ना. आठ दिवसांनी ऑफिसात गेले तर कळलं अर्ज नामंजूर होऊन फाईल बंद झालीय!

खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं हो. ऑफिसच्या भाषेत मंजूर असो की नामंजूर, फाईल हातावेगळी झाली की ती निकाली. पण 'तुमचा अर्ज नामंजूर केला, अमुक कागद नाही, तो जोडून परत द्या' एवढं लिहायला काय झालं असतं? आणि 'काढण्यात आला' म्हणजे काढला कोणी? त्या 'ण्यात आला'मागे अख्खं ऑफिस लपतं. 1987 च्या राजभाषा कायद्याने आपल्या गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीही सरकारी कामाला चालते, त्या भाषेच्या वादात लोक रस्त्यावर उतरले होते, मग ती मराठी निदान माणसाला कळेल अशी नको?

टोनचं तर आणखीच वेगळं. आमच्या देवळाच्या जत्रेचे बोर्ड मी लिहितो. एका वर्षी लिहिलं 'कृपया येथे गाड्या लावू नयेत', तर पोरं त्याच बोर्डाला टेकवून स्कूटर लावून गेली. पुढच्या वर्षी 'पालखी इथूनच जाते, गाड्या शाळेच्या मैदानात लावा' असं लिहिलं, कृपया गाळलं तरी वाट मोकळी राहिली. गंमत म्हणजे तोच 'नये' महाप्रसादाच्या बोर्डावर 'जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये' असा आला की केवढा गोड लागतो.

आपण गोंयकार कोकणीत घरच्या आजीलापण तूं म्हणतो, तेच मराठी बोलताना तोंडात येतं आणि पुण्याचे पाहुणे भडकतात, त्यात अपमान नसतो हे त्यांना कोण सांगणार. पत्र लिहिणाऱ्या साहेबांची तशी काही अडचण नाही, त्यांचं 'आपला', 'आपणास' सगळं जागच्या जागी असतं, फक्त नक्की काय झालं तेवढं नसतं.

काकांनी परत अर्ज दिलाय. आता पत्र आलं की आधी माझ्याकडे आणणार म्हणालेत, पेढे नंतर.

– एक वाचक, डिचोली